धार

"ही चांदणी तुझ्याआधी कुणालाच दिसली नाही?"

"नाही चाचा. कुणालाच नाही."

जुन्नरचे याकूबचाचा दुर्बिणीचे आरसे घासत. निरंजन सात वर्षं त्यांच्या हाताखाली शिकलेला. आता तो आकाशाचे फोटो काढी, आणि आज त्याचं डोकं जरा आभाळातच होतं. पुढ्यात तारकागुच्छाचा फोटो होता, शेजारी नवी चांदणी सापडल्याचं वेधशाळेला पाठवायचं पत्र. पत्राखाली दोन साक्षीदारांच्या सह्यांची जागा रिकामी होती.

चाचांनी फोटो खिडकीशी नेला. भिंग लावलं.

"एवढ्या गर्दीत कुणाचा कुणाला धक्का नाही? आमच्या उरसात असं कधी होत नाही बाबा."

"आधी सगळे एकमेकांत मिसळलेले होते. मी कॉम्प्युटरवर फोटोला धार लावली, तेव्हा सुटे झाले. आणि मधे ही सापडली."

"धार लावून वाढलेला चाकू मी पाहिला नाही."

निरंजनला ते झोंबलं.

"तुम्हाला हेवा वाटतोय, चाचा."

"वाटत असेल..."

चाचांनी काळी पाटी ओढली. आरसे घासायच्या पुडीतले जाडसर दाणे चिमटीने तिच्यावर टाकले.

"मोज."

"सात."

"मोबाइलवर फोटो काढ. हात हलू दे जरा, आकाशात हवा हलते तसा. मग लाव तुझी धार."

निरंजन हसला. पोरखेळ! त्याने फोटो काढला, लॅपटॉपवर घेतला. पांढरा धुरकट गोळा दिसत होता. त्याने धार लावली, मग आणखी थोडी. दाणे सुटे झाले, एकेक लखलखीत.

"मोज."

त्याने मोजले. पुन्हा मोजले. पाटीकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे.

"नऊ..."

रस्त्यावरून एक टेम्पो गेला.

"यातले खोटे दोन कोणते, चाचा?" निरंजनचा आवाज पार उतरला होता. "सगळे सारखेच दिसतायत."

त्याचा हात नकळत पत्राकडे गेला. "पण वेधशाळेतले साहेब पत्राची वाट पाहतायत. मी सगळ्यांना सांगून बसलोय..."

चाचांनी पाटीवरचे दाणे फुंकून टाकले. खडू घेतला, पाटीवर आपली सही केली आणि पाटी त्याच्यापुढे सरकवली.

"काढ हिचा फोटो. धार लावलीस की दुसरा साक्षीदारही उगवेल."