नावांची अदलाबदल

मुलांनो, आणि मुलांच्या आजी-आजोबांनो, ही फार जुन्या काळातली गोष्ट. डोंगरांच्या कुशीतल्या एका छोट्या राज्याकडे फौज बेताचीच होती. पण तिथे एक शाळा होती आणि तिचं नाव निघालं की तिथल्या माणसांची छाती फुगायची. परमुलखात युद्ध पेटलं की ते जवळून पाहून त्याची खरी बातमी कशी लिहावी, हे त्या शाळेत शिकवत.

गुरुजींचा नियम साधा होता. बातमी लिहून झाली की दोन्ही राज्यांच्या नावांची अदलाबदल करून ती मोठ्याने वाचायची. जीभ अडखळली तर कागद फाडून नव्याने लिहायला बसायचं.

एकदा पूर्वेचं राज्य पश्चिमेच्या राज्याला भिडलं. पूर्वेच्या राजाला या छोट्या राज्याच्या राजाची लेक दिलेली. जावयाच्या मदतीला राजाने हजार तरुण सज्ज ठेवले. बातमी मनाजोगती आली की ते कूच करणार होते.

बातमी शाळेतल्या एका शिष्येने आणली. तिने लिहिलं होतं, ‘पूर्वेच्या सैन्याने पश्चिमेची तीन गावं जाळली.’ राजकन्येला अक्षरं गिरवायला गुरुजींनीच शिकवलेलं. त्यांचा जीव कळवळला आणि त्यांनी ‘जाळली’ खोडून ‘मुक्त केली’ असं लिहिलं. शिष्येने वाद घातला नाही.

भर दरबारात तिने ती बातमी वाचली. राजा खूश झाला. मग तिने नियमाप्रमाणे नावं बदलून वाचलं, “पश्चिमेच्या सैन्याने पूर्वेची तीन गावं मुक्त केली.”

राजा ताडकन उठला. “माझ्या लेकीच्या राज्यात घुसणं, याला मुक्त करणं म्हणतात?”

शिष्या शांतपणे म्हणाली, “मग आपल्या जावईबापूंनी केलं तर म्हणावं का, महाराज?”

गुरुजी पुढे आले आणि त्यांनी तो कागद फाडला. “गावं जाळली गेली, महाराज. शब्द मी बदलला. द्याल ती शिक्षा भोगीन. पण पाहिलंत ना, माझी विद्यार्थिनी माझीसुद्धा भीड धरत नाही.” बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते, ते अभिमानाने.

राजाने हजार तरुणांना घरी पाठवलं.

खरी बातमी दोन्ही राज्यांत पोचली. शत्रूच्या सोयऱ्यांनी खरं लिहिलं, याचं पश्चिमेला नवल वाटलं. पूर्वेचा राजा मनातून वरमला. पुढे तह करायचा ठरला तेव्हा दोघांनाही याच छोट्या राज्याचा भरवसा वाटला. तहाच्या अटी त्या शिष्येने वाचल्या. गुरुजी सर्वांत मागे बसून शेजारच्यांना, कुणी विचारलेलं नसताना, सांगत होते, “ही माझी विद्यार्थिनी बरं का.”

तात्पर्य : आपल्या माणसाने केलं म्हणून कृत्याचं नाव बदलू नये, देशाची मान खऱ्या बातमीनेच उंचावते.