मेलेल्याचे नाव

पूर्वी वेणुवती नगरीत राजा सुषेण राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचे न्यायामात्य होते. राज्य नीट चालले होते. म्हणजे प्रत्येक गुन्ह्यापुढे शिक्षा लिहिलेली होती आणि ती वाचून दाखवायला तीन लेखक होते.

त्या वर्षी डोंगरात राजाचे नवे ठाणे बसले. डोंगरातल्या लोकांची रीत अशी, की हातून माणूस मेला तर मारणाऱ्याने शेजारच्या प्रत्येक चुलीपाशी स्वतः जाऊन तसे सांगायचे. ठाणे आले तेव्हा राजाही शेजारी झाला, असे त्यांनी भोळेपणाने धरले. म्हणून एक तरुण तीन दिवस चालत एकटाच दरबारात आला. म्हणाला, "शिकारीत माझ्या बाणाने माणूस मेला. शेजारी म्हणून सांगायला आलो."

याला कबुली म्हणतात, असे लेखकांनी त्याला समजावले आणि सुळाचे पान काढले.

निकालाच्या दिवशी ठाण्याच्या पत्रातले नाव पुकारले गेले, "हेदू हाजीर हो!" तरुण समोरच उभा होता, पण गप्प. मागून एक म्हातारी पुढे आली.

"हेदू मेला. हा माझा अंजन."

लेखकाने पान उलटून पाहिले. "आजीबाई, मेला तो अंजन. मारणारा हेदू."

"तुझ्या पानात असेल. आमच्यात ज्यानं मुलगा मारला त्यानं मुलगा व्हायचं. नाव त्याचं, शेत त्याचं, आय त्याची. याला सुळावर दिलंत तर माझं पोर दुसऱ्यांदा मरेल. मग माझी लाकडं काय तू फोडणार?"

लेखक हसले. राजा हसला नाही. "अमात्य, याला सोडले तर उद्या नगरातला प्रत्येक खुनी नाव बदलून येईल."

आक्षेप खरा होता. बोधिसत्त्वांनी तरुणाला विचारले, "तुला जन्म देणारी कुठे आहे?" त्याने मान खाली घातली. म्हातारीनेच सांगितले, "दाराशी बसलीय."

तिला आत आणले. धुळीने पाय पांढरे झालेली बाई.

"हा तुझा मुलगा?" बोधिसत्त्वांनी विचारले.

तिने त्याच्याकडे बराच वेळ पाहिले. "माझा मुलगा गेल्या अवसेला वारला. मीच त्याचं सुतक धरलं. हा या बाईचा."

"मग तीन दिवस चालत का आलीस?"

"परक्याचं पोर सुळावर देतात, असं ऐकलं. राहवलं नाही."

राजा सिंहासनावरून उठला. कोणी सांगितले नव्हते, तरी सारा दरबार उठला. लेखकही उठले, एरवी ते फक्त जेवायला उठत.

बोधिसत्त्व म्हणाले, "महाराज, शिक्षा कधीच झाली आहे, आणि आपल्या ग्रंथात तिच्याएवढी मोठी नाही. आपल्या सुळाने दोन्ही घरे ओस पडतील. यांच्या शिक्षेने एक तरी चूल पेटते."

डोंगरात रक्त सांडले तर आधी डोंगराला विचारावे, मग ग्रंथ उघडावा, अशी आज्ञा राजाने केली. तरुण म्हातारीचे गाठोडे घेऊन निघाला. दुसरी बाई वीस पावले मागून चालत राहिली. तिघांपैकी कोणी वळून पाहिले नाही.

ही कथा सांगून भिक्षूंचे गुरू शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे आपल्याला वर्षावासासाठी जागा देणारा गृहस्थ. तो तरुण म्हणजे काल न विचारता आपली चूक सांगणारा भिक्षू. त्याला शासन शोधायला धावले ते तिघे, ते लेखक. न्यायामात्य मीच होतो."

"आणि दाराशी बसलेली बाई?" एकाने विचारले.

शास्ते म्हणाले, "त्या जन्मी मी न्याय सांगत होतो, पण शिकत होतो तिच्याकडून. राग न धरता सोसणे, क्षांती म्हणतात ती हीच."