चिमीच्या दारावर सेल

एक होती मुंगी. तिचं नाव चिमी. तात्यांच्या अबोलीच्या कुंडीत तिचं घर. घराला दार एवढुस्सं!

चिमी गेली साखर आणायला. तुरुतुरु तुरुतुरु. परत आली, तर दारच नाही! दारावर पडलाय सेल. रिमोटचा जुना सेल. तात्यांनी ठेवला होता उन्हात, ताजा व्हायला. ताजा कसला होतोय! तो फुगला टुम्म. आता गळला तर? विषारी पाणी आत जाईल की! बाळं आत, चिमी बाहेर. चिमीला रडूच आलं.

चिमी गेली तात्यांकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"तात्या, तात्या, सेल उचला. दार उघडेना. बाळं आत, मी बाहेर!"

"अरेच्चा, फुगला होय?" तात्या म्हणाले. "पण ठेवू कुठे गं? डबा आला, तर उचलीन."

चिमी गेली डब्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"डब्या, डब्या, लवकर चल. सेल उठेना, दार उघडेना. बाळं आत, मी बाहेर!"

डबा म्हणाला, "छे बाई! सगळे माझ्यात खाऊ शोधतात. धोक्याची लाल फुली मिळाली, तर येईन."

चिमी गेली लाल खडूकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"खडू, खडू, फुली काढ. डबा येईना, सेल उठेना, दार उघडेना. बाळं आत, मी बाहेर!"

खडू म्हणाला, "पण डबा नेणार कोण? घंटागाडीच्या मावशी आल्या, तर काढीन."

चिमी गेली मावशींकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"मावशी, मावशी, पटकन या. फुली निघेना, डबा येईना, सेल उठेना, दार उघडेना. बाळं आत, मी बाहेर!"

मावशी म्हणाल्या, "येते की गं बाय! पण घंटेबिगर कशी येऊ? घंटा वाजली, तर येईन."

चिमी गेली घंटेकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"घंटे, घंटे, घणघण वाज. मावशी येईनात, फुली निघेना, डबा येईना, सेल उठेना, दार उघडेना. बाळं आत, मी बाहेर!"

घंटा गप्प. घंटा चक्क झोपलेली!

मग काय? चिमी चढली घंटेवर. सहा पायांनी केल्या गुदगुल्या. गुदगुद गुदगुद!

"ई ही ही! घण घण घण!"

घंटा वाजली, मावशी आल्या. मावशी आल्या, फुली निघाली. फुली निघाली, डबा आला. डबा आला, तात्या उठले. हाताला घातली पिशवी, सेल टाकला डब्यात. टण्ण! डबा बसला गाडीच्या वेगळ्या पेटीत. ओल्यात नाही, सुक्यात नाही!

तात्यांनी हात धुतले. फसफस फसफस. कुंडीत ठेवली चिमूटभर साखर.

"चुकलंच माझं, चिमे," तात्या म्हणाले.

दार उघडलं! चिमी पळाली आत. बाळं तिला बिलगली.

"आई, आई, कुठे गेली होतीस?"

चिमी म्हणाली, "घंटा वाजवायला!"