परक्याच्या हातची खीळ

डोंगरापल्याड मोरवण नावाचं राज्य होतं. तिथल्या धारराव राजानं दूरच्या एका बादशहाकडून लोखंडी रणगाडे विकत घेतले. गाडे झकास, पण आसाच्या खिळा बादशहानं आपल्याकडेच ठेवल्या. खीळ नसली की चाक निखळतं. "लढाई आली की कळवा, पाठवू," म्हणाला.

लढाई आली. शेजारच्या राजानं सीमेवरची गावं पाणवठ्यासकट बळकावली. माणसं तहानलेली गुरं घेऊन राजाच्या दारात आली. राजानं खिळा मागितल्या. बादशहाचा वकील हसला. "शेजारच्या राजाशी आमची सोयरीक आहे, महाराज. यंदा खिळा नाहीत."

"मग तुमचे गाडे घेऊन जा. आम्ही आमचे घडवू."

"तुमच्याकडं बैलगाड्या घडतात, महाराज!"

"घडतात ना? तुम्ही बघत राहा."

राजानं लोहारांना बोलावलं. त्यांच्यात रीत अशी की लोखंड नवऱ्यानं धरायचं नि घण बायकोनं मारायचा. गजाई लोहारीण घण मारायची तसंच बोलायची. तिनं परक्या गाड्याची मापं घेतली, तंतोतंत तसाच गाडा घडवला. तो काळ्या रानात उतरला नि पोटापर्यंत रुतला. वकील पोट धरून हसला. प्रधान कुजबुजला, "महाराज, अजून वेळ आहे. बादशहाचे पाय धरू."

राजा जोडे काढून चिखलात उतरला. "काय चुकलं, गजाई?"

"माझंच चुकलं, महाराज. त्यांची वाट खडकाची, आपली भुई लोण्यावाणी. त्यांची अरुंद चाकं मी आपल्या चिखलात घातली. नकटीनं उसनी नथ घातली, दुसरं काय!"

"आता?"

"मोडते नि पुन्हा घडवते. तेवढं प्रधानजींना कुजबुजू नका म्हणावं. तेवढ्या वाऱ्यानं माझी भट्टी पेटत नाही."

रुंद चाकांचा दुसरा गाडा रुतला नाही, पण त्याचा आस मोडला. गावात पोरंसुद्धा चिडवायला लागली. राजानं भट्टी विझू दिली नाही. जाड आसाचा तिसरा गाडा चिखल तुडवत पार गेला. मग त्याच मापाचे गाडे घडत राहिले.

सगळे तयार झाले तेव्हा लोहारांच्या रीतीप्रमाणे पहिल्या गाड्यात घडवणारी बसली. तिच्या शेजारी राजा बसला. शेजारच्या राजाला वाटलं होतं, सीमेवरच्या दलदलीतून कोण येतंय! त्या बाजूला त्यानं पहारासुद्धा ठेवला नव्हता. दलदलीतूनच गाडे गडगडत आले, तशी त्याची फौज पाणवठे सोडून पळाली. त्या संध्याकाळी गुरं पोटभर पाणी प्याली.

मग वकील आला, खिळांची टोपली घेऊन. "बादशहा खूश आहेत. ही भेट."

गजाईनं एक खीळ उचलली, आपल्या गाड्याला लावून पाहिली नि परत टोपलीत टाकली.

"न्या हो परत, वकीलसाहेब. आमच्या गाड्याला ही बारीक पडते."

तात्पर्य: ज्याची खीळ दुसऱ्याच्या हातात, त्याचा गाडा त्याचा नव्हे. आपण घडवलेलं चिखलात रुतलं तर लोक हसतील. हसू द्यावं, नि पुन्हा घडवावं.