करंजमाळचा चौकोनी चंद्र

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती फार, तर तेव्हा करंजमाळात म्हाताऱ्यांचं सगळं ऐकत असत.

त्या काळी सगळ्या गावाचं मिळून एकच खळं होतं, आणि त्या खळ्यावर धान्य उफणायला हौसा उभी राहायची. उफणताना ज्या उंच तिवईवर चढतात, तिला वावडी म्हणतात. हौसा वावडीवर चढे, पाटी डोक्याच्या वर धरून हळूहळू रिती करी, भुसा वाऱ्यावर बाजूला जाई आणि ज्वारी सरळ खाली रास धरी. असं म्हणतात, की तिच्या राशीत भुशाचं एक कुसळ सापडावं म्हणून शेजारच्या गावची माणसं शिदोरी बांधून यायची, दिवसभर शोधायची आणि शिदोरी खाऊन परत जायची.

वावडी तिच्या आईची होती. खाली जमिनीवर हौसाला जो तो काहीतरी शिकवायचा. वर चढली की शिकवणाऱ्यांची नुसती पागोटी दिसायची. त्या जागेसाठी तिने जीव दिला असता.

एका फाल्गुनात वारं पडलं. मळणी झालेली, गावाची ज्वारी भुशासकट उघड्यावर पडलेली, आणि दक्षिणेला ढग जमायला लागलेले. अवकाळी आला असता तर वर्षाची भाकरी खळ्यावरच कुजली असती. आठ दिवस झाडाचं पान हललं नाही. असं म्हणतात, की लोक एकमेकांच्या तोंडासमोर येऊन फुंकर मारून बघत.

नवव्या दिवशी सकाळी म्हातारी मंडळी खळ्यावर जमली. नरहरी जोशीबुवांनी पोथी उघडली आणि सांगितलं, नवग्रह रुसले आहेत. पोथीत एकेका ग्रहाचा आकार दिलेला होता. सूर्य गोल, चंद्र चौकोनी, मंगळ तिकोनी, बुध बाणासारखा, राहू सुपासारखा. बुवा दर पूजेला पाटावर मूठमूठ तांदळाचे हे आकार मांडत, आणि ते आरती होईपर्यंत जागचे हलत नसत.

"संकट एवढं मोठं आणि ग्रह मूठभर?" रावजी पाटील म्हणाले. "ज्वारीचे करा. छातीएवढे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. तोवर उफणायच्या पाटीला कोणी हात लावायचा नाही, असंही ठरलं. आणि ते ठरतं न ठरतं तोच हौसाच्या पदराचं टोक हललं.

"बुवा, वारं आलं," ती म्हणाली.

"आपण नुसतं मनात आणलं, तर आलं. आता ग्रह केले नाहीत तर उलटतील."

"आधी उफणून घेऊ. ढग बघा किती खाली आलेत. मग बसा ग्रह करत, पाडव्यापर्यंत."

"हौसे, तुझी आई असं उलटं बोलत नव्हती हो," पाटील म्हणाले.

"तिला कोणी चौकोनी चंद्र करायला लावला नव्हता, पाटील."

मावळतीला सकाळचा फिकट चंद्र अजून रेंगाळत होता. हौसाने तिकडे बोट केलं. "हा काय, गोल आहे."

बुवांनी वर पाहिलं आणि पोथी मिटली. "ते त्याचं तोंड. अंगाने तो चौकोनीच."

तेव्हा हौसाने पैज लावली. सूर्य सोडून बाकीच्या आठांपैकी एका ग्रहाचा एक कोपरा बुवांनी अकरा वेळा मंत्र म्हणेपर्यंत टिकला, तर ती पुन्हा वावडीवर पाय ठेवणार नाही. नाही टिकला, तर त्याच घटकेला उफणायला सुरुवात. पाटील हसले. असं म्हणतात, की पुढच्या वर्षी वावडीवर कोणाची सून चढवायची, तेही त्यांनी तिथंच मनात नक्की केलं.

वारं पडायच्या आधी उफणलेली ज्वारी होती. तिचा चंद्र घालायला घेतला. गुडघ्यापर्यंत कोपरे बरे आले. मांडीच्या वर गेले तसे घरंगळले. बुवांचा मंत्र तिसऱ्यांदाही झाला नव्हता.

"कोपऱ्याला टेकू द्या," पाटलांनी हुकूम सोडला. चार म्हातारे चार कोपऱ्यांना पाठी लावून बसले.

"वरच्या चंद्राला कोणी धरलंय का?" हौसाने विचारलं.

"धरलं नसेल कशावरून? तू जाऊन आलीस?" पाटील म्हणाले.

पुन्हा ज्वारी ओतली. ती म्हाताऱ्यांच्या खांद्यांवरून, बंडीच्या गळ्यातून आणि एकाच्या कानातून वाहायला लागली. ईशान्येच्या कोपऱ्यात दाजीबा बसले होते. त्यांना भुशाने शिंक आली आणि तेवढा चंद्र त्यांच्या मांडीवर येऊन बसला. मंगळ एकाच बाजूने ढासळला. बुधाच्या बाणाचं टोक गेलं आणि उरलेलं भाकरीसारखं पसरलं. बुवा मंत्र इतके भरभर म्हणायला लागले, की अकरा वेळांचा एकच लांबलचक शब्द झाला, तरी कोपरा त्याच्या आधी पडे. शेवटी राहूच्या वेळी त्यांनी ज्वारीवर सरळ सूपच ठेवलं आणि म्हणाले, "हा राहू." सूप घसरलं आणि पाटलांच्या पायाशी पालथं पडलं.

नऊच्या नऊ राशी एकसारख्या गोल बुडाच्या होऊन बसल्या.

"पण पाटावर तर राहतात," बुवा हळूच म्हणाले. पहिल्यांदाच ते खरोखर विचारत होते.

"मूठभर असतं तोवर कसंही राहता येतं, बुवा. खडा बघा, वाकडा तो वाकडा. वाढत गेलं की आपलंच ओझं आपले कोपरे खाली ओढतं." हौसाची नजर पाटलांच्या पोटावर गेली, तशी इतरांचीही गेली, आणि पाटलांनी उपरणं पुढे घेतलं.

"मग ही रास अर्धीच गोल का? चंद्र तर सगळ्या बाजूंनी गोल आहे म्हणतेस," बुवांनी विचारलं.

"इथं जमीन आडवी येते. तिथं जमीन नाही."

"जमीन नाही, तर खाली कुठे पडायचं चंद्राच्या मातीने?"

"मधे," हौसा म्हणाली. "त्याचं खाली म्हणजे त्याच्या मधे. वरून, खालून, कडेने, सगळी माती मधेच धावते. कोपरा काढायला गेलं तर तोही मधेच घसरतो."

बुवांनी पोथीकडे पाहिलं, मग आपल्या कानातला ज्वारीचा दाणा काढला. "चढ वावडीवर," ते म्हणाले.

हौसा चढली, आणि बाकीच्या म्हाताऱ्यांसकट सगळं गाव पाट्या भरून द्यायला लागलं. रास वाढली तशी वावडी अपुरी पडली. वावडीवर वावडी रचली, तिच्यावर आणखी एक. असं म्हणतात, की दुपारपर्यंत हौसा घारींच्या वर गेली होती आणि पाट्या दोराने चढवत होते. असं म्हणतात, की तिथं एक पाटी रिती केली आणि ज्वारी खाली आलीच नाही. हवेतच थांबली, चहूबाजूंनी आत आत सरली आणि तिचा लाडवासारखा गोळा होऊन फिरत फिरत निघून गेला. हौसाने खाली ओरडून सांगितलं, "बुवा, बघितलं का?" बुवांना डोळ्यांनी दिसलं नाही, पण त्यांनी हो म्हटलं. करंजमाळात म्हाताऱ्या माणसाने न बघता तरुण माणसाला हो म्हटल्याची ती पहिली वेळ.

शेवटची पाटी घरात गेली आणि मग पाऊस आला. एक दाणा भिजला नाही. भिजले ते चार म्हातारे, कारण त्यांना कोपरे सोडायला सांगायचं कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं.

आता खळी गेली, मळणीयंत्रं आली. तरीही करंजमाळात फाल्गुनात यंत्र सुरू करण्याआधी ज्वारीची एक छातीएवढी रास घालतात. वर्षभर गावाला ज्याने सगळ्यात जास्त उपदेश केला असेल, त्याला तिचा कोपरा धरायला बसवतात. सरपंच बसलेत, मास्तर बसलेत, एकदा आमदारांचे सासरे बसले. कोपरा पडला की गावातली सगळ्यात तरुण सून "हौसाईच्या नावाने" म्हणते आणि यंत्राचा खटका दाबते. ज्याचा कोपरा पडला त्याने त्यानंतर पाडव्यापर्यंत गप्प राहायचं असतं.

हे शेवटचं मात्र अजून कोणाला जमलेलं नाही.