हात नाहीत, पाय नाहीत, तरी खांबावर!

माडवलीच्या भानजीराव महाराजांची नऊ कबुतरं आठवड्याभरात नाहीशी झाली, आणि दहावं नाहीसं व्हायच्या आत महाराजांनी धाकू भंडाऱ्याला धरून आणवलं.

"खुराडं बारा हात उंच खांबावर! खांब रंधा मारून गुळगुळीत केलेला! असल्या खांबावर चढणारा माणूस माडवलीत एकच, आणि तो तू!"

चढणारा एकच, हे खरं होतं. पायांत दोरीचं कडं अडकवून धाकू माडावर असा जाई, की खालच्या माणसाने मान वर करेपर्यंत माडीचं मडकं उतरलेलं असे. पण कबुतरं त्याने खाल्ली नव्हती.

"म्हाराज, अजगर हाय तो. दहा हात लांब! माज्या डोळ्यांनी बघितला. खांबाला मिठी मारून वर गेला."

महाराजांनी दरबाराकडे पाहिलं. दरबाराने महाराजांकडे पाहिलं, कारण दरबाराला काय वाटतं ते अजून ठरायचं होतं.

"अजगराला हात असतात?"

"नाय."

"पाय?"

"नाय, म्हाराज."

"मग मिठी कशाने मारतो? ज्याला हात-पाय नाहीत, तो चढू शकत नाही. हे मी आत्ता म्हणालो, म्हणजे ते ठरलं!"

प्रधान तात्याजींनी मान डोलावली. या कामासाठीच ती दरबारी ठेवलेली होती.

शिक्षाही लगेच ठरली. धाकूचं दोरीचं कडं जप्त, आणि बिऱ्हाड कायमचं खाडीपार. दाराशी उभ्या असलेल्या आवडीने, म्हणजे धाकूच्या लेकीने, ते ऐकलं. खाडीपलीकडे नुसतं मीठ पिकत होतं. तिथे एकही माड नव्हता, आणि बापाला दुसरं काही येत नव्हतं. तिला भीती वाटली आणि रागही आला. राग जास्त होता, म्हणून ती पुढे आली.

"म्हाराज, हात-पाय न लावता चढता येतं."

"कुणाला?"

"अजगराला येतं. माणसालाबी येतं."

तात्याजींची मान अर्ध्यातच थांबली.

"माणसाला?" महाराज सरसावून बसले. हट्टी माणसाला पैज दिसली की त्याला जेवणसुद्धा सुचत नाही. "ठीक! असा माणूस मला दाखव! माझ्या डोळ्यांदेखत चढला पाहिजे. वरून दोराने ओढायचं नाही, शिडी लावायची नाही. दाखवलास तर बाप सुटला. नाही दाखवलास तर उद्या दुपारच्या आत दोघं होडीत!"

"उद्या सकाळी दावते. देवीच्या डोंगरावर, शेवटच्या पायरीशी."

"चालेल. उद्या मंगळवार, मी तिकडे येणारच आहे."

बाहेर आल्यावर धाकूने कपाळाला हात लावला. "आवडे, असला माणूस आणणार कुठनं?"

"आणायचा नाय बाबा. तो आपसूक येतो."

दुसऱ्या दिवशी आवडी डोंगरमाथ्यावर उभी होती. मागे धाकू, आणि त्याच्यामागे काम सोडून आलेलं सगळं गाव. देवीच्या डोंगराला तीनशे पायऱ्या. महाराजांच्या पणजोबांनी दर मंगळवारी चालत दर्शनाला जायचा नवस बोलला होता. चालायचं कुणी, हे नवसात नव्हतं. त्यामुळे महाराज पालखीतून येत. आजही आठ भोयांच्या खांद्यावरून ते वर आले, आणि पालखी शेवटच्या पायरीवर पोचते न पोचते तोच त्यांनी पडद्याबाहेर डोकं काढलं.

"कुठाय तो चढणारा?"

"आत्ताच येऊन पोचला की, म्हाराज!"

महाराजांनी मागे पाहिलं. मागे घामाघूम भोई आणि तात्याजी.

"हे तर पायांनी चढले!"

"ते नव्हंत. तुमी!"

आवडी पालखीच्या अगदी जवळ गेली.

"उजवा हात कुठं हाय, म्हाराज?"

"लोडावर."

"डावा?"

महाराजांनी खाली पाहिलं. "पानाच्या तबकात."

"आन् पाय?"

"मांडी घातली आहे."

"तीनशे पायऱ्या, म्हाराज! दोर नाय, शिडी नाय, आणि सगळं तुमच्याच डोळ्यांदेखत!"

महाराजांनी आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. त्यावर चढल्याची काहीच खूण नव्हती.

"पण मला भोयांनी आणलं! अजगराला कोण आणतो?"

"भोई चढतात कसे ते बघितलंत? पुढचे भोई पाय रोवून पालखी धरतात, तवर मागचे एक पायरी चढतात. मग मागचे तोलून धरतात, आणि पुढचे सरकतात. अजगराचंबी तेच. खालच्या अर्ध्या अंगानं खांब आवळून धरायचा, वरचं अर्धं पुढं सरकवायचं. मग वरच्यानं आवळायचं आणि खालचं ओढून घ्यायचं."

"म्हणजे त्याचे भोई..."

"तोच! पालखीबी तोच. आणि आत मांडी घालून बसलेला म्हाराजबी तोच!"

तात्याजींनी डोळे मिटून घेतले. महाराजांच्या मिशा आधी थरथरल्या, मग पोट हललं, आणि मग ते असे हसत सुटले की पालखी डाव्या-उजव्या अंगाला झोके घेऊ लागली.

"म्हाराज, जरा दमानं हसा!" पुढचा भोई कळवळून म्हणाला. "पायरी अरुंद हाय!"

ते ऐकून महाराज आणखी हसले. शेवटी डोळे पुसत म्हणाले, "धाकू सुटला! बोल पोरी, काय हवं?"

"बाबाचं कडं परत द्या. आणि एक मोठा रांजण."

"रांजण कशाला?"

"बूड फोडून खांबात ओवायचा, खुराड्याच्या खाली. एवढ्या जाड, गुळगुळीत अंगाला अजगराची मिठी पुरत नाय."

"दिला! वर वाड्यामागचे शंभर माडही दिले. आणि हे बघ, आज डोंगर पालखीत बसून तू उतरायचास. मी चालतो!"

महाराज खरोखरच चालले. खाली पोचायला त्यांना दुपार झाली, कारण दर विसाव्या पायरीला ते बसून पुन्हा हसत. आवडी मात्र केव्हाच गावात पोचली होती. इतका हलका राजा आपण जन्मात उचलला नव्हता, असं भोई पुढे कितीतरी दिवस सांगत होते.