गळक्या धरणाची गंगा

धरण गळत होतं, आणि ते गळतंय असं म्हणायला बंदी होती!

वाघजाळी संस्थानचं हे मातीचं धरण तसं लहानच, पण गावाचं पिण्याचं सगळं पाणी त्याच्याच तळ्यात. ते बांधून घेतलं होतं दिवाण विसाजीपंतांनी, स्वतःच्या देखरेखीखाली. त्यामुळे चौथ्याच वर्षी धरणाच्या पायथ्याशी पाण्याची धार फुटली, तेव्हा पंतांनी घाईघाईनं तिला दगडी गोमुख बसवलं, दोन पुजारी नेमले आणि राजे गुणाजीरावांना सांगितलं, "सरकार, आपल्या पुण्याईनं साक्षात गंगा प्रकटली!"

राजाला आपल्या पुण्याईबद्दल कधीच शंका नव्हती. दर सोमवारी सकाळी तो वाजतगाजत येई आणि गोमुखाखाली डोळे मिटून स्नान करी. काशीची गंगा एवढे डोंगर ओलांडून नेमकी पंतांच्या धरणाच्या बुडाशीच कशी वर आली, हे कुणी विचारलं नाही.

विचारलं ते ठकू रंगारणीनं. धरणाखालच्या आळीत तिचं घर. लुगडी रंगवून पोट भरायची आणि गोमुखातून वाहून येणाऱ्या ओहळात कापड धुवायची. एके दिवशी पांढरंशुभ्र कापड पाण्यात बुडवलं, तर वर आलं ते मातकट! ठकू तडक दरबारात जाऊन उभी राहिली.

"सरकार, ती गंगा नव्हे. तळ्यातलं पाणी धरणातून बाहेर येतंय. आधी नितळ यायचं, आता गढूळ येतंय. म्हणजे धरणाच्या पोटातली माती घेऊन येतंय! आतून पोकळ झालं की एक दिवस धरण फुटेल आणि आमच्या आळीतली चाळीस घरं वाहून जातील."

"अगं पापिणी!" पंत कडाडले. "गंगामाईला गळती म्हणतेस?"

"मग पंत, गंगामाईला आपल्या तळ्यातल्या शेवाळाचा वास कसा हो येतो?"

दरबारात कुणीतरी फिस्सकन हसलं. राजाचा चेहरा मात्र लाल झाला. चार महिने तो पुण्य म्हणून जे अंगावर घेत होता, ते शेवाळाचं पाणी?

"ठकू, आठ दिवस देतो," तो गरजला. "खरं करून दाखव. पण धरणाला हात लावायचा नाही, मूठभर माती उकरायची नाही. आणि हे पाणी तळ्याचं आहे असं तू म्हणून चालणार नाही. खुद्द दिवाणजींनी चारचौघांत म्हटलं पाहिजे! नाही जमलं तर तू हद्दपार, आणि तुझी आळी राहील तिथंच."

"मी म्हणेन?" पंतांनी मिशीवरून हात फिरवला. "ह्या जन्मी तरी नाही!"

ठकू घरी आली. आळीतल्या बायका धुणं वाळत घालत होत्या, म्हातारे ओट्यावर ऊन खात बसले होते. ठकूला घरात बसवेना. ती तळ्याच्या काठावर जाऊन पाणी बघत राहिली. धरणाजवळ एका जागी तरंगणारी पानं गरगर फिरत होती आणि एकेक करून आत ओढली जात होती. ठकू बराच वेळ ती पानं बघत बसली. मग पदर खोचून उठली आणि हसत घरी गेली.

तिनं आठवडाभर पळसाची फुलं उकळली. हा रंग पोटात गेला तरी कुणाला बाधत नाही. सोमवारी सकाळी राजाची पालखी येताना दिसताच ती तराफ्यावरून तळ्यात गेली आणि त्या भोवऱ्यात तिनं चार हंडे रंग ओतला. मग धापा टाकत खाली येऊन गर्दीत उभी राहिली.

राजा गोमुखाखाली बसला होता. डोळे मिटलेले, हात जोडलेले. "हर हर गंगे! हर हर गंगे!"

पाणी आधी पिवळसर झालं. मग भडक केशरी! पुजारी मंत्र सोडून एकमेकांना कोपरखळ्या मारू लागले. राजाला सांगणार कोण?

शेवटी राजानं डोळे उघडले. मिशा केशरी, पोट केशरी, धोतर केशरी. वाघजाळीचा अधिपती ताज्या जिलबीसारखा दिसत होता!

"हे कुणी केलं?"

ठकू पुढे आली. "सरकार, मी सकाळी रंग टाकला खरा, पण तळ्यात. गोमुखाकडे मी फिरकलेसुद्धा नाही, पुजाऱ्यांना विचारा. आज गंगामाईच रंगात आली असेल!"

"काय दिवाणजी?" राजानं विचारलं. "ही गंगेची लीला म्हणायची का?"

पंतांना वाटलं, बाई आयती सापडली! राजाला रंगवणं म्हणजे केवढा गुन्हा!

"लीला कसली, सरकार! हिनंच रंगवलं आपल्याला! टाका हिला कोठडीत!"

"पण पंत," ठकू भोळेपणानं म्हणाली, "मी रंग टाकला वर तळ्यात. तो इथं सरकारांच्या मिशांना कसा लागेल?"

"कसा म्हणजे? अगं, तळ्यातलंच पाणी येतं ना इथं! तिथं टाकलेला रंग इथं येणार नाही तर..."

पंतांनी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. पण चारचौघांनीच काय, चारशे जणांनी ऐकलं होतं.

"मी नाही हो म्हटलं, सरकार!" ठकू म्हणाली.

राजानं एकदा आपल्या पोटाकडे पाहिलं, एकदा पंतांकडे. मग म्हणाला, "धरणाची मोरी उघडा. तळ्याचं पाणी आत्ता उतरवा. दुरुस्ती होईपर्यंत आळीतली माणसं वाड्यावर राहतील. आणि पंत, मातीची पहिली पाटी तुमच्या डोक्यावर!"

जाता जाता त्यानं मिशी चोळून पाहिली. रंग तसाच!

"ठकू, हा जाणार कधी?"

"पंधरा दिवस तरी नाही, सरकार. रंगात तुरटी घातलीय, तुरटीनं रंग पक्का बसतो."

"अगं, पण तुरटी कशाला घातलीस?"

"काय करू, सरकार? माझ्या हातून आजवर कच्चा माल कधी बाहेर गेला नाही!"

राजा असा खदाखदा हसला की पालखीचे भोईसुद्धा डगमगले. "मग असलाच पक्का माणूस मला धरणावर हवा!" तो म्हणाला. आणि त्या दिवसापासून धरणाची राखण आणि मोरीची किल्ली ठकू रंगारणीकडे आली.